चिठ्ठ्या

मी समुद्रकाठची, कोबुलेतीची.
लग्न होऊन वर स्वानेतीत आले तेव्हा
मक्वालाच्या फडताळात एकोणीस बरण्या होत्या
आणि एकीवरही नाव नव्हतं.

लोणच्याच्या, कॉफीच्या,
एक सोव्हिएत काळातली औषधाची बाटली,
तपकिरी, काचेच्या बुचाची.
तिच्यात झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या,
ज्यांना इथे केशर म्हणतात
आणि कुणी हसत नाही.

पहिल्याच आठवड्यात राजम्यात मी
धणेपूड समजून
मेथीची पूड घातली, चार चमचे.
बेसारिओन भाकरीत बुडवून गप्प खात राहिला.
मक्वाला उठली
आणि फेब्रुवारीत खिडकी उघडून बसली.

दुसऱ्या दिवशी वहीची पानं फाडून
पिठाच्या खळीने मी चिठ्ठ्या डकवल्या.
शेपू. शहाजिरं. मिरची, गेल्या सालची.
"दवाखाना आहे का हा?
नाक कशाला दिलंय देवाने?"
फाडल्या मात्र नाहीत तिने.
प्रत्येक बरणी फिरवून
नाव भिंतीकडे करून ठेवलं.

सकाळी मी नावं बाहेर करायची,
रात्री ती आत.
अकरा वर्षं.

शिकवलंही तिनेच, न शिकवल्यासारखं.
पूड करून ठेवू नये, दाणा मिटलेला बरा.
चुलीच्या वर काही ठेवू नये,
तिथे वास उडतो आणि रंग तेवढा उरतो.
शेपू सावलीत वाळवायचा, उलटा टांगून.
सप्टेंबरात लाकडी खलात मीठ कुटायचं:
लसूण, धणे, मिरची, झेंडू,
आणि निळ्या फुलांची ती मेथी,
जिला म्हणतात परका मसाला.
इथेच उगवते, कुंपणाला, कुणी न लावता,
तरी परकी.
मी एकदा विचारलं,
किती वर्षांनी थांबतं हे परकी म्हणणं?
मक्वाला म्हणाली, कूट.

मग ती तापाची थंडी आली.
वीस दिवस रस्ता बर्फाखाली,
डॉक्टर पलीकडे, फोनवर.
ती उठली, हिंडूफिरू लागली,
आम्ही म्हटलं सुटलो.

एका पहाटे चूल पेटवायला आले तर
खिडकीच्या उजेडात ती उभी,
बरणी हातभर लांब धरलेली,
ओठ हलताहेत.
शे. पू.
फडताळातली सगळी नावं बाहेर.

मी मागच्या पावली अंगणात गेले,
उंबऱ्याशी बूट जोरजोरात आपटले,
खोकले, लाकडं पाडली
आणि मग आत आले.
नावं भिंतीकडे होती.

त्याच आठवड्यात मी नव्या चिठ्ठ्या केल्या.
शाई फिकी झाली होती, म्हटलं.
अक्षरं अंगठ्याएवढी.
तिने उत्तर दिलं नाही
आणि त्या रात्री बरण्या फिरवायला
विसरली.

आता सप्टेंबरात कुटते तीच,
मनगट अजून तिचंच चालतं.
मध्येच थांबून विचारते, झालं का?
पूर्वी कधी विचारलं नव्हतं.
मी खलात नाक घालते.
अजून थोडा लसूण, म्हणते,
आणि खरं सांगायचं तर
ते थोडं कोबुलेतीचं असतं.
शेजारची त्सिआला तिबिलिसीतल्या मुलासाठी
बाटली भरून नेते.
"तुमच्या सासूबाईंच्या हाताला तोड नाही."
खरंच नाही.

तपकिरी बाटलीला तेवढी
मी चिठ्ठी लावलेली नाही.
तिला ती न बघता सापडते.
बूच काढून नाकाशी धरते, सवयीने,
डोळे मिटून,
जरा जास्तच वेळ.

काय येतं, मी विचारत नाही.
राजम्याचं झाकण काढून
उगाच ढवळत राहते,
म्हणजे खोलीत वाफ होते
आणि दोघींना
डोळे पुसता येतात.